तेरा वाढले

आमच्या थोरल्याला एक खोड आहे. पोरीच्या मार्कांवर तो स्वतः पास होतो. अभ्यास तिने करायचा, पेपर तिने लिहायचा, आणि निकाल लागला की काउंटरवर छाती काढून उभं राहायचं ते याने. निकाल लागून आठवडा होत आला. येईल त्या गिऱ्हाइकाला हा ब्रेडच्या पुड्याबरोबर एक वाक्य फुकट देतो, “भौतिकशास्त्रात तेरा वाढले बरं का आमच्या बारकीचे.” परवा एक बाई ब्रेडमध्ये सुतळीचा तुकडा निघाला म्हणून भांडायला आली. तिने तोंड उघडायच्या आत याने तिलाही तेरा वाढल्याचं सांगितलं. बाई गोंधळली. “अभिनंदन,” म्हणाली आणि सुतळी पर्समध्ये टाकून घरी गेली.

तेरा वाढले हे खोटं नाही. पण रसायनशास्त्रात पंधरा गेले, ते तो गिळतो. पडलो तरी नाक वर. मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून ऐकत असते. तेरा मोठे की पंधरा मोठे, एवढं कळायला मला शाळा लागत नाही.

शाळेचं म्हणाल तर मी चौथीपर्यंत गेले. चौथीचा निकाल काय लागला ते बघायला गेलेच नाही, त्याआधीच मला घरी बसवलं. पुढे लग्न होऊन या बेकरीत आले. बेकरी नवऱ्याने काढली आणि मी चालवली. काढण्यात आणि चालवण्यात काय फरक असतो ते दुकानदाराच्या बायकोला सांगायला नको. नवरा गेला तेव्हा भट्टी एक दिवस थंड पडली, दुसऱ्या दिवशी मी पेटवली. मुलगे दोन. धाकटा परगावी नोकरी करतो. या सगळ्यात त्याचा काही हात नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगून टाकते. थोरला दुकान बघतो. त्याची बायको, म्हणजे माझी सून, केकवर नक्षी काढते. हात असा की तिचं साखरेचं फूल बघून माशीसुद्धा फसते. या दोघांची एकुलती एक मुलगी ती बारकी. नाव वेगळं आहे, पण अंगाने काडी, म्हणून घरात बारकी.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे आणि तो मी घातलेला आहे. केक बिघडला म्हणून गिऱ्हाईक परत घेऊन आलं, तर वाद घालायचा नाही. आधी तो केक हातात घ्यायचा, गिऱ्हाइकासमोर मोडून टोपलीत टाकायचा, आणि मग नवा द्यायचा. जुना आणि नवा शेजारी शेजारी कधी ठेवायचा नाही. शेजारी ठेवले की गिऱ्हाईक दोन्हींकडे बघत बसतं आणि बाहेर जाऊन सांगतं, यांना एकेक वस्तू दोनदोनदा करावी लागते. मोडून टाकला की जुना केक कधी नव्हताच. थोरला या नियमात लहानाचा मोठा झाला. ताप आला तरी तो हा नियम विसरायचा नाही.

आता मागच्या वर्षीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मागच्या वर्षी बारकी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली. पुढच्या शिक्षणाला तीन विषय धरतात. भौतिकशास्त्रात अठ्ठावन्न, रसायनशास्त्रात एक्क्याऐंशी, जीवशास्त्रात चौऱ्याऐंशी. मिळून दोनशे तेवीस. लॅबचा कोर्स असतो, रक्त-लघवी तपासायचा, त्याला तेवढे पुरत होते. तिचं नाव तिथल्या यादीत लागलंही. फार्मसीला मात्र दोनशे तीस हवे होते. सात कमी पडले.

थोरल्याला फार्मसीच हवी होती. कारण आमच्या समोर औषधवाल्याचं दुकान आहे. त्याच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी असेच कमी पडले होते. ती पुन्हा परीक्षेला बसली, मार्क वाढवून आणले आणि फार्मसीला गेली. औषधवाला माणूस वाईट नाही, पण मुलीचं सांगताना काचेचा दरवाजा उघडा ठेवून सांगतो. थोरल्याने मनात पाटी रंगवून ठेवली होती. बारकी फार्मसी करणार, आमच्या शेजारच्या गाळ्यात औषधांचं दुकान निघणार, आणि पाटी समोरच्यापेक्षा हातभर मोठी असणार.

“लोकांची थुंकी तपासायला मी मुलगी वाढवली नाही,” तो म्हणाला.

“मग पीठ चाळायला वाढवलीस का?” मी विचारलं.

“आई, तू मध्ये पडू नकोस. एक वर्षाचा प्रश्न आहे. दोन विषय पुन्हा देईल, सात काय सतरा वाढतील.”

“दोन कशाला?” बारकी म्हणाली. “कमी फक्त भौतिकमध्ये आहेत.”

“एकापेक्षा जास्त द्यायची परवानगी आहे ना? मग दोन. भट्टी पेटवलीच आहे तर एकच ट्रे कोण लावतं?”

त्यावर आमचा भट्टीवाला, जो माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून आहे आणि ज्याला कुणी विचारलेलं नसतं, तो आतून म्हणाला, “पाव पुन्हा भट्टीत घातला की मोठा होत नाही शेठ, त्याचा टोस्ट होतो.”

“टोस्ट टिकतो,” थोरला म्हणाला.

“टिकतो. पण दात लागतात त्याला.”

बारकी हसली. थोरला नाही हसला. लॅबच्या कोर्सची जागा त्याने सोडून दिली. ज्या मुलीने ती घेतली तिची आई आता आमच्याकडून बिस्किटं नेते. ती फार वेळा थँक्यू म्हणते, ते मला आवडत नाही.

मग अर्ज भरायचा दिवस आला. मी त्या वेळी आत होते. जे झालं ते सुनेने मला सांगितलं, आणि सून बोलण्यात मीठमसाला घालत नाही, तिचा सगळा खटाटोप केकवर. श्रेणीसुधारच्या, म्हणजे मार्क वाढवायला पुन्हा बसायच्या, अर्जात दोन वाटा होत्या. एक अशी की जुनी गुणपत्रिका आपल्याजवळ ठेवायची. मग नव्या परीक्षेत ज्या विषयात वाढले ते नवे धरतात, ज्यात कमी झाले त्यात जुने धरतात. फक्त नव्या गुणपत्रिकेवर खाली शिक्का येतो, की ही श्रेणीसुधारची आहे. दुसरी वाट अशी की जुनी गुणपत्रिका परत करायची. मग येईल ती कोरी करकरीत, शिक्का नाही, डाग नाही. पण ज्या विषयांना पुन्हा बसलो त्यांत नव्याने जे पडतील तेच खरे. त्यांचे जुने मेले.

“बाबा, ठेवू या ना जुनी,” बारकी म्हणाली. “शाळेतल्या बाईंनीपण तेच सांगितलंय.”

“आणि शिक्का मिरवत फिरायचं? वाढदिवसाच्या केकवर कुणी लिहितं का, हा दुसऱ्यांदा भाजला आहे?”

“पण कमी पडले तर?”

“कमी पडायला बसतेयस का तू?”

वडिलांनी असा प्रश्न विचारला की मुलांनी गप्प बसायचं असतं, म्हणूनच तो विचारतात. थोरल्याने कपाटातून गुणपत्रिका काढली आणि अर्जाबरोबर परत केली. केकसारखीच हातात घेतली, मोडली, टोपलीत टाकली म्हणा. वर संध्याकाळी मला म्हणाला, “आई, तुझ्याच नियमाने केलं.” मला वाटलं केकचं काहीतरी बोलतोय. मी “बरं केलंस” म्हटलं.

वर्षभर घरात भौतिकशास्त्र नांदलं. क्लास त्याचा, सकाळची उजळणी त्याची, जेवताना प्रश्न त्याचे. थोरला स्वतः पुस्तक उघडून तिला विचारायचा. त्याला काहीच कळायचं नाही, त्यामुळे तिचं उत्तर बरोबर की चूक हे तो तिच्या आवाजावरून ठरवायचा. ती ठणकावून बोलली की बरोबर. पुढेपुढे ती काहीही ठणकावून सांगायला लागली. रसायनाकडे कुणी बघेना. त्यात आधीच एक्क्याऐंशी होते. घरात जे पोर शहाणं असतं त्याच्याकडे जसं कुणाचं लक्ष नसतं, तसं त्या विषयाचं झालं.

एकीकडे मला मधुमेह निघाला. मिठाई विकणारीच्या रक्तात साखर, यात नवल काही नाही. महिन्यातून एकदा रक्त द्यायला जायचं, बरोबर बारकी. तिथली लॅबवाली गप्पिष्ट होती. एकदा तिने बारकीला सूक्ष्मदर्शकात बघू दिलं. बारकीने डोळा लावला तो काढीचना. मी बाकावर बसून कंटाळले. शेवटी म्हटलं, “काय दिसतंय एवढं?”

“आजी, तू दिसतेयस,” ती म्हणाली. “भारी आहेस आतून. सगळ्या पेशी गोलगोल.”

पुढच्या महिन्यापासून ती माझ्या तारखा माझ्याआधी लक्षात ठेवायला लागली. आजीची काळजी म्हणून नाही, एवढं मला कळतं. लॅबवाली तिला काचपट्टीवर थेंब कसा पसरायचा ते दाखवायची. पातळ, एकसारखा, शेपटीकडे निमुळता. घरी येऊन ती सुनेच्या केकच्या सुरीने बशीवर लोणी तसंच पसरून बघायची.

निकाल लागला. भौतिकशास्त्र एकाहत्तर. रसायनशास्त्र सहासष्ट. जीवशास्त्राला बसलीच नव्हती, म्हणून त्यात जे होते ते, चौऱ्याऐंशी. मिळून दोनशे एकवीस.

वर्ष गेलं, क्लास झाला, आणि आधी होते त्यापेक्षा दोन कमी झाले. बारकीने कागद टेबलावर ठेवला, तोंड धुतलं आणि आईच्या शेजारी बसून केकचे डबे जोडायला लागली. रडली नाही. रडली असती तर थोरल्याला समजूत घालायला मिळाली असती. तिने तेवढंही त्याला दिलं नाही. त्याने कागद बराच वेळ बघितला. मग एकाहत्तरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “तेरा वाढले की!”

तेव्हापासून तेरा वाढले चालू आहे.

ते चाललंही असतं. गिऱ्हाइकाला काय, ब्रेड ताजा असला की झालं. पण काल दुपारी औषधवाला आला. पाव घ्यायला आला होता, आणि थोरल्याने त्यालाही तेरा सांगितले. मला वाटतं मुख्यतः त्यालाच सांगायचे होते, बाकीच्यांवर नुसता सराव चालला होता.

“वा!” औषधवाला म्हणाला. खरंच खूश झाला. “म्हणजे अठ्ठावन्नचे एकाहत्तर. आणि रसायनात एक्क्याऐंशी होते ना? त्यात किती आले आता?”

थोरल्याने पावाचा पुडा पुढे सरकवला.

“कमी आले का? येऊ देत हो, काय फरक पडतो. जुने धरतील. एकाहत्तर, एक्क्याऐंशी, चौऱ्याऐंशी.” माणूस दिवसभर गोळ्यांचा हिशोब करतो, बेरीज त्याच्या जिभेवर असते. “दोनशे छत्तीस! शेठ, लागला की नंबर! आमचीचे सुद्धा दोनशे एकतीस होते. मावशी, पेढे— नाही, केक द्या केक.”

मी थोरल्याकडे बघितलं. सुनेच्या हातातली आयसिंगची पिशवी थांबली होती.

“जुनी परत केली,” थोरला म्हणाला.

“कुठे परत केली?”

“बोर्डाला. अर्जाबरोबर.”

औषधवाल्याने पावाचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. “का?”

माणसाने हा एक शब्द इतक्या साधेपणाने विचारला की त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. थोरल्याला टोमणा चालला असता. त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. औषधवाला पाव घेऊन गेला, आणि जाताना आमचा दरवाजा हळूच लावून गेला.

तो गेल्यावर थोरल्याने एप्रन काढला. “बोर्डात जाऊन येतो. चूक झाली म्हणून सांगतो. माणसंच आहेत ती, ऐकतील.”

“मीपण येते,” बारकी म्हणाली.

“मग मीही येते,” मी म्हटलं. कुणी ये म्हटलं नव्हतं.

बोर्डाचं कार्यालय म्हणजे एक लांब खोली, आडवी काच, काचेला अर्धगोल खिडकी. ती इतकी खाली की बोलायचं तर वाकावं लागतं. मला वाटतं मुद्दाम तशी ठेवतात. वाकलेला माणूस फार भांडत नाही. पलीकडे एक बाई होती, खांद्यावर शाल, टेबलावर डबा अर्धा उघडा. थोरला वाकला आणि सगळं बोलला. तेरा वाढल्याचंही बोलला.

बाईने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “परत केलेली गुणपत्रिका रद्द होते. ती आता नाही.”

“नाही म्हणजे? कागद नसेल, पण मार्क तर तिने मिळवलेलेच आहेत. ते कुठे जातील?”

“रद्द झाले.”

“अहो, एक्क्याऐंशी पडले होते तिला! शाळेत विचारा. आमच्या गल्लीत विचारा.”

“गल्लीत विचारून गुण देता येत नाहीत,” बाई म्हणाली. आवाज चढवून नाही, रोजचं असल्यासारखं.

“चूक झाली हो आमच्याकडून. चूक सुधारायचीच परीक्षा आहे ना ही?”

“चूक वेगळी. तुम्ही दोन्हींतली एक वाट निवडली. खाली पालकाची सही आहे.” मग तिने वाकून बारकीकडे बघितलं. “तुझेच का मार्क?”

“हो.”

“पुन्हा बसायचं असेल तर पुढच्या वर्षी एकदा बसता येईल. ती शेवटची संधी. पण आता आहेत तेच मार्क जुने धरले जातील. सहासष्ट.”

“एक्क्याऐंशी नाहीच?” थोरला म्हणाला.

“नाही,” बारकीनेच सांगितलं. “बाबा, चला. त्यांचा डबा गार होतोय.”

बाहेर आल्यावर थोरला पायरीवर उभा राहिला. मला वाटलं, आता तरी बोलेल. माणसाच्या हातून मोठी चूक झाली की दोन शब्द पुरतात, आणि तेच दोन त्याला सापडत नाहीत. “पुढच्या वर्षी,” तो म्हणाला. “ऐकलंस ना? एकदा बसता येतं. या वेळी तिन्ही विषय. रसायनालाही क्लास.”

बारकी चालायला लागली होती.

आज सकाळपासून त्याचं तेच, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. कणीक मळायच्या यंत्रापाशी, रॅकपाशी, पुढे काउंटरवर. भट्टीवाल्याने मध्येच म्हटलं, “तेलही गेलं, तूपही गेलं,” तर त्याला सांगितलं की तू भट्टी बघ. भट्टीवाला भट्टी बघायला गेला, पण मोठ्याने पुढचं म्हणत गेला.

दुपारी पुढचं दार ओढून घेतो तेव्हा आम्ही आतल्या खोलीत जेवतो. गार व्हायला ठेवलेल्या ब्रेडच्या रॅकमध्ये एक टेबल आहे. जेवण झाल्यावर बारकीने टेबल पुसलं आणि कागद ठेवले.

“लॅबच्या कोर्सचा अर्ज आहे. उद्या शेवटचा दिवस. दोनशे दहा लागतात, मला दोनशे एकवीस आहेत. इथे पालकाची सही.”

थोरल्याने कागदाला हात लावला नाही. “तू दोनशे छत्तीसची आहेस.”

“बाबा, मी दोनशे एकवीसची आहे.”

“तो कागद म्हणतो. खरं म्हणजे तू दोनशे छत्तीसची आहेस, समोरच्यानेसुद्धा हिशोब केला. छत्तीसवाली पोर लॅबमध्ये बसून दुसऱ्यांचं रक्त काढणार? एक वर्ष. फक्त एक वर्ष दे मला.”

“तुम्हाला?”

“म्हणजे… घे. तू घे एक वर्ष.”

“मागच्या वर्षीपण एकच होतं.”

“मागच्या वर्षी रसायनाकडे लक्ष नाही दिलं. आता चूक कुठे झाली ते कळलंय.”

“रसायनात झाली का चूक?” सून म्हणाली. ती सहसा बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी मान वर केली. “मुलीने सांगितलं होतं जुनी ठेवा. मी तिथे उभी होते. तुम्ही केकचं उदाहरण दिलंत, मला हसू आलं. आता येत नाही.”

“मग मी काय मुद्दाम केलं?” थोरल्याचा आवाज चढला. “तिचं वाईट व्हावं म्हणून केलं? स्वच्छ कागद मिळावा म्हणून केलं. आईचाच नियम आहे. विचार तिला. जुनं मोडल्याशिवाय नवं द्यायचं नाही!”

“नियम मी केकसाठी घातला,” मी म्हटलं. “केक बिघडला तर आत दुसरा तयार असतो, तेव्हा मोडायचा. आत काही नसताना मोडायचा असं मी कधी सांगितलं? नियम माझा होता. अक्कल तुझी लागत होती.”

तो बसला. खुर्चीत नाही, पिठाच्या पोत्यावर.

मी बारकीला विचारलं, “तुला हा कोर्स करायचाय की बापावर रागावून करतेयस? खरं सांग. रागाने केलेलं काम आपल्यालाच पुरून उरतं.”

तिने पुसलेलं टेबल पुन्हा एकदा पुसलं. विचार करून बोलणारं पोर मला आवडतं. “दोन्ही होतं, काल,” ती म्हणाली. “आज राग कमी आहे. करायचाय तेवढाच आहे.”

“आणि फार्मसी?”

“फार्मसीत मला कधीच काही बघावंसं वाटलं नाही. लॅबमध्ये वाटतं.” मग वडिलांकडे बघून म्हणाली, “तेरा वाढले ते तुम्हाला चालतात, तर मला पंधरा गेलेले चालतील. पण अजून एक वर्ष नाही चालणार. नाही बसणार मी परत.”

थोरला पोत्यावरून म्हणाला, “लोकांना काय सांगू? आठवडाभर सांगतोय सगळ्यांना. समोरच्याला काय सांगू?”

आता इतका वेळ मी त्याला बोलू दिलं होतं. पोटचा मुलगा आहे, आणि काळजी त्याला खरीच आहे, हे मलाही दिसतं. पण पोरीचं वर्ष पणाला लागलेलं असताना याच्या मनात समोरच्या दुकानदाराचं तोंड आहे, हेही दिसतं. मी उठले, गल्ल्यावरचं पेन आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

“ऐक,” मी म्हटलं. “एकदा तिचे मार्क तू परत केलेस, तिचं न ऐकता. ते गेले. आता तिचं वर्ष तू परत मागतोयस, तेही मिळणार नाही. ती हुशार आहे हे सिद्ध करायला तिला परीक्षेची गरज नाही, तुला आहे. तर पुढच्या वर्षी तूच बस, क्लास मी लावून देते. इथे सही कर. आणि उद्यापासून काउंटरवर मी बसेन, तू आत मळायला जा. समोरच्याने विचारलं तर मी सांगेन त्याला, की आमची पोरगी रक्त तपासायला शिकतेय, आणि तिचा बाप गप्प बसायला.”